दुसऱ्या गियरमध्ये उडणारा फ्यूज

मे महिन्यातली सकाळ. वाईहून एक निवृत्त मुख्याध्यापक गाडी घेऊन आले. दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, साठेक हजार किलोमीटर फिरलेली, आतून इतकी स्वच्छ की मी चपला बाहेर झटकून मगच सीटवर बसलो. आमचं गॅरेज साताऱ्यात, हायवेजवळ. गाड्यांचं वायरिंग आणि एसी, एवढंच काम आम्ही करतो.

किल्ली देण्याआधी गुरुजींनी खिशातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक बामाची रिकामी डबी आणि एक छोटी वही. डबीत उडालेले सहा फ्यूज होते.

“मुलगी पाचगणीला असते. महिन्यातून दोन-तीनदा जाणं होतं. घाट चढताना एसी बंद पडतो. वारं येत राहतं, पण गार येत नाही. फ्यूज बदलला की पुन्हा सुरू. उतरताना आजवर एकदाही काही झालेलं नाही.”

तक्रार सांगायची तर अशी सांगावी. आमच्याकडे येणाऱ्या दहातले नऊ जण “एसी चालत नाही, बघा” एवढंच म्हणतात आणि चहाला जातात.

आधी दोन गॅरेजं झाली होती. पहिल्याने रिले, म्हणजे एसीचा करंट चालू-बंद करणारा स्विच, बदलला आणि गॅस नवीन भरला. दुसऱ्याने कंप्रेसर जाम होतोय असं सांगून बावीस हजारांचा आकडा दिला. मधल्या काळात घाटाच्या पायथ्याशी कुणीतरी “मोठा टाकतो, परत उडणार नाही” म्हणत १० ॲम्पिअरच्या जागी २० चा फ्यूज बसवून दिला होता. तोही तिसऱ्या फेरीत उडाला आणि त्याच्या जागी आणखी एक २० चा आला. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तोच बसलेला होता.

डबी आणि वही

उडालेला फ्यूज कुणी टाकून देऊ नये असं माझं मत आहे. डबीतले सहाही फ्यूज मी पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. पाच लाल, म्हणजे १० ॲम्पिअरचे, आणि एक पिवळा, २० चा. सगळ्यांची पारदर्शक खिडकी आतून काळी पडलेली. भिंग लावलं तर प्लॅस्टिकवर धातूचे बारीक शिंतोडे उडालेले आणि मधली पट्टी जवळजवळ नाहीशीच झालेली.

लोड थोडासा जास्त झाला तर फ्यूज असा जात नाही. पट्टी हळूहळू तापते, मध्ये वाकते आणि तुटते, खिडकी बहुधा स्वच्छ राहते. मानकाप्रमाणे १० च्या पात्याच्या फ्यूजमधून साडेतेरा ॲम्पिअर वाहू लागले तर तो अगदी दहा मिनिटंही तग धरू शकतो. दुप्पट करंटलासुद्धा पाच सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. खिडकी काळी करून जाणारा फ्यूज मात्र क्षणात गेलेला असतो. लाइव्ह वायर थेट बॉडीला लागली की वाटेतला रेझिस्टन्स ओहमच्या एखाद-दुसऱ्या दशांशावर येतो आणि करंट शंभराच्या घरात उडी मारतो. म्हणजे इथे लोड वाढत नव्हता, कुठेतरी डायरेक्ट शॉर्ट होत होता.

एवढ्यावरच बावीस हजारांचा कंप्रेसर बाद होतो. कंप्रेसरच्या पुलीवरचा क्लच म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या पुलीला कंप्रेसर जोडणारा एक लोहचुंबक. त्याची कॉइल किती करंट घेणार हे व्होल्टेज आणि तिच्या तारेचा रेझिस्टन्स यांवर ठरतं. आतला कंप्रेसर लोण्यासारखा फिरो नाहीतर दगडासारखा जाम होवो, कॉइलला त्याचा पत्ताही नसतो. कंप्रेसर जाम झाला तर पट्टा किंचाळतो, क्लच घसरतो, रबराचा वास येतो. फार तर त्या उष्णतेने पुढे कधीतरी कॉइल भाजते. गॅस जास्त भरला तरीही तेच, प्रेशर स्विच क्लच बंद करेल, फ्यूज उडणार नाही. तरी “फ्यूज उडतोय, म्हणजे कंप्रेसर गेला” हे वाक्य मी वर्षाला पंधरा-वीस वेळा ऐकतो.

वहीत प्रत्येक फ्यूजची नोंद होती. तारीख, ठिकाण, गाडीत किती माणसं, निघून किती वेळ झाला. अक्षर गुरुजींच्या पत्नीचं. गाडी ते चालवतात, लिहितात त्या. सहापैकी पाच नोंदी पसरणीच्या घाटातल्या, सगळ्या चढतानाच्या. सहावी मार्चमधली, सपाट रस्त्यावरची: पाचवडच्या पुढे उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना. एकदा घरातून निघून चाळीस मिनिटांनी उडालेला, एकदा पंधरा मिनिटांत. वाईच्या बाजारातल्या गर्दीत, भर दुपारी, एकदाही नाही.

आता वाचताना उत्तर त्या पानावरच लिहिलेलं दिसतं. त्या दिवशी मला दिसलं नाही. मी कॉइलच्या मागे लागलो.

कॉइलवर घालवलेला अर्धा दिवस

त्याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात एका टॅक्सीच्या कॉइलचा दोष माझ्या नजरेतून निसटला होता. थंड असताना अगदी ठीक, तापली की आतल्या वेढ्यांचं इनॅमल सुटायचं, वेढे एकमेकांना लागायचे आणि फ्यूज जायचा. घाट म्हटलं की उष्णता डोक्यात येतेच. इंजिनवर ताण, वेग कमी, समोरून वारा कमी.

कंप्रेसरचा कनेक्टर काढून कॉइल मोजली. ३.७ ओहम. छोट्या गाडीच्या क्लचला तीन ते चार ओहम असतात, म्हणजे बरोबर. कनेक्टर लावला, लाल फ्यूज बसवला, एसी चालू केला आणि वायरभोवती डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर अडकवला. (घरगुती इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्पमीटर बॅटरीचा करंट दाखवत नाही. त्याच्यावर शून्य बघून फसलेले लोक मी पाहिलेत.) १३.७ व्होल्टवर ३.७ ॲम्पिअर. दहाच्या फ्यूजला हे काहीच नाही.

मग बॉनेट बंद, ऊन डोक्यावर, एसी फुल, गाडी चाळीस मिनिटं जागेवर चालू. करंट हळूहळू उतरत ३ वर आला. लगेच कनेक्टर ओढून कॉइल मोजली, ४.६ ओहम. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. ३.७ चे ४.६ व्हायला कॉइल साठेक अंशांनी तापायला हवी आणि तेवढी ती तापलेलीच होती. आतून वेढे शॉर्ट होत असते तर आकडा खाली आला असता. कॉइल निरोगी होती.

कनेक्टरजवळच्या डायोडवरही थोडा वेळ गेला. क्लच बंद होताना कॉइल जो उलटा झटका देते तो हा डायोड पिऊन टाकतो. तो शॉर्ट झाला तर एसीचं बटण दाबता क्षणी फ्यूज जातो, घाटापर्यंत वाट बघत नाही. तोही ठीक निघाला. पुलीचं बेअरिंग गुपचूप फिरत होतं. कंडेन्सरच्या पंख्याचा फ्यूज वेगळा, ब्लोअरचा वेगळा. ब्लोअर चालू राहून हवा फक्त कोमट व्हायची ती त्यामुळेच. आमच्या हेल्परने बॉनेटखालची सगळी वायरिंग हाताने हलवून, ओढून, पिळून पाहिली. मल्टिमीटर ढिम्म.

दुपारचे दोन वाजले. सगळं पास, फ्यूज शाबूत. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवली होती, ती परत घेतली. उभ्या गाडीत त्यांनाही हेच दिसलं असणार.

फ्यूजच्या जागी बल्ब

गुरुजी बाकावर बसून पेपर वाचत होते. मी म्हणालो, “गुरुजी, गाडी घाटात न्यावी लागेल. तुम्हालाही यावं लागेल.”

“चला की. पण तिथे फ्यूज उडाला तरी कळणार काय? उडतो हे तर मलाही माहीत आहे.”

बरोबर होतं त्यांचं. फ्यूज उडतो आणि विषय संपतो. शॉर्ट कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, कधी सुटला, यातलं काही तो सांगत नाही. त्यासाठी आमच्याकडे जुना उपाय आहे. एका उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना वायर जोडून त्यांच्या टोकाला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावलेला आहे. फ्यूजच्या खाचेत तो बसवला की शॉर्ट झाल्यावर काही जळत नाही, बल्ब पेटतो. करंट साडेचार-पाच ॲम्पिअरच्या वर जाऊच शकत नाही आणि शॉर्ट सुटला की बल्ब विझतो.

एक अडचण मात्र असते. कॉइल आणि बल्ब एकामागे एक आले की व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. क्लचला आठेक व्होल्टच मिळतात, तो नीट पकडत नाही, आणि बल्ब सतत मंद पेटलेला राहतो. म्हणून मी कंप्रेसरचा कनेक्टरच काढून ठेवला आणि त्याच्या तोंडाला टेप मारला. आता एसी चालू, रिले ओढलेला, पण करंटला जायला वाट नाही. बल्ब विझलेलाच राहायला हवा. घाटात पेटला तर दोष फ्यूजबॉक्स आणि कनेक्टर यांच्यामधल्या वायरमध्ये. नाही पेटला तर कनेक्टरच्या पलीकडे, कंप्रेसरच्या स्वतःच्या तुकड्यात. दोन्ही उत्तरं उपयोगाची.

हॅलोजन बल्ब भयंकर तापतो, उघडा ठेवून चालत नाही. हेल्परने चहाचा स्टीलचा पेला आणला. बल्ब त्यात ठेवून पेला वायपरच्या बुडाशी तारेने बांधला, तोंड काचेकडे.

पसरणीचा घाट

वाईला गुरुजींच्या पत्नी गाडीत बसल्या, वहीसकट. चार माणसं व्हायलाच हवी होती, वहीतल्या बहुतेक नोंदी तशाच होत्या. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात जवळजवळ सहाशे मीटर चढायचं. मे महिना, एसीचं बटण चालू पण गार हवा नाही, काचा खाली, पुढे काचेवर पेला. समोरून येणारे लोक वळून बघत होते.

गाडी मी चालवत होतो. दोष लवकर दिसावा म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनला जमेल तेवढं पिळलं. एक वळण, दुसरं, पाचवं. पेला काळाच. अर्ध्याहून जास्त घाट संपला आणि मी मनात निकाल देऊन टाकला: वायरिंग ठीक, दोष कंप्रेसरच्या तुकड्यात.

मागून बाई म्हणाल्या, “हे इतकं जोरात नाही चालवत हो कधी.”

त्या एका वाक्याने माझी ट्यूब पेटली. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काही सेकंद एसीचा रिले सोडून देतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळते. रिले सुटला की पुढच्या वायरमध्ये करंटच नाही. ती शंभर वेळा बॉडीला लागली तरी बल्ब पेटायचा नाही. ज्या क्षणी दोष दिसायचा त्याच क्षणी मी माझ्याच पायाने सप्लाय तोडत होतो.

गाडी बाजूला घेतली, वळवली, पुन्हा खाली पायथ्याशी आलो आणि स्टिअरिंग गुरुजींच्या हातात दिलं. ते दुसऱ्या गियरमध्ये, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, एका लयीत चढतात. “गाडीला त्रास नको” ही त्यांची पद्धत. तिसऱ्या मोठ्या वळणावर, वळण संपून गाडी ओढ घेत असताना, पेल्यात एकदम पिवळा उजेड पडला.

“लागला!” हेल्पर आणि बाई एकदमच म्हणाले.

मी गुरुजींना ॲक्सिलरेटर सोडायला सांगितला. विझला. पुन्हा द्या. पेटला. पाय सैल, विझला. घाटमाथ्यावरच्या हॅरिसन फॉलीपर्यंत असं चार वेळा झालं. बाईंनी चारही वेळा वहीत लिहून घेतलं.

वर सपाट जागा बघून थांबलो. हेल्परला गाडीपासून दूर बाजूला उभं केलं (हा प्रयोग करताना गाडीपुढे कुणीही नको, घाईत लोक हे विसरतात), हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही दाबून पहिल्या गियरमध्ये पायाचा क्लच अगदी थोडा सोडला. इंजिन मागे कललं आणि बल्ब पेटला. रिव्हर्समध्ये तेच केलं, इंजिन उलट्या बाजूला झुकलं आणि बल्ब विझलेलाच राहिला.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असतं. चाकं पुढे ढकलली जातात तेव्हा इंजिनचा वरचा भाग मागे आणि खालचा भाग पुढे जायला बघतो. रबरी माउंटिंग हे हलणं बोटभर अंतरात धरून ठेवतात. कंप्रेसर असतो इंजिनच्या खालच्या, रेडिएटरकडच्या बाजूला, म्हणजे नेमका पुढे सरकणाऱ्या भागात. घाट चढताना तो पुढे येत होता, उतरताना आणि बाजारातल्या गर्दीत जागेवर होता. आणि गॅरेजमध्ये न्यूट्रलला उभ्या गाडीत तो पुढे सरकणार तरी का?

तिळाएवढा डाग

साताऱ्याला परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. गाडी लिफ्टवर घेतली, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं आणि टॉर्च मारला.

रेडिएटरच्या खालच्या आडव्या पट्टीवरून वायरिंगची जुडी कंप्रेसरकडे येते. तिला तिथे दोन क्लिपा हव्यात. एक होती, दुसरीच्या जागी नुसतं भोक. त्यामुळे वीतभर जुडी सैल होऊन मागे, कंप्रेसरच्या ब्रॅकेटच्या कानासमोर लोंबत होती. इंजिन शांत असताना मध्ये बोटभर जागा. खालचं, इंजिनचा झोल अडवणारं माउंटिंग मात्र रबर फाटून मोकळं झालं होतं. पहारीने रेटलं तर इंजिन दोन बोटं पुढे येत होतं.

जुडीवरची नालीदार नळी एका जागी घासून पांढरी पडलेली, मध्ये नखाएवढी चीर. चिरेतून क्लचची वायर दिसत होती. तिचं इन्सुलेशन एका बाजूने सपाट झिजलेलं, आतल्या तांब्याच्या दोन-तीन तारा तुटलेल्या, उरलेल्यांवर हिरवट थर. समोर ब्रॅकेटच्या कडेवर तिळाएवढा काळा डाग आणि त्यावर चिकटलेला तांब्याचा एक थेंब. डबीतले सहाही फ्यूज त्या डागाने खाल्ले होते.

क्लिप कधी गेली? वहीच्या मागच्या पानावर सर्व्हिसच्या नोंदी होत्या, दोन वर्षांपूर्वी रेडिएटर बदललेला. रेडिएटर काढताना ती क्लिप काढावी लागते आणि जुनं प्लॅस्टिक काढताना तुटतंच. यात कुणाला फार दोष देण्यासारखं नाही. माउंटिंग चांगलं होतं तोवर ती सैल जुडीही काही करत नव्हती. रबर फाटलं आणि दोन छोट्या गोष्टींची गाठ पडली.

पिवळ्या फ्यूजने काय केलं तेही दिसलं. नळी पुढे उघडत गेलो तर फूटभर अंतरात वायरचं इन्सुलेशन कडक होऊन शेजारच्या ऑइल प्रेशरच्या वायरला चिकटलेलं होतं. लाल फ्यूज असताना वायरला तापायला वेळच मिळत नव्हता. ब्रॅकेट नुसती घासून जाते तेव्हा शॉर्ट अर्धवट असतो. अशा वेळी १० चा फ्यूज जातो, पण २० चा टिकून राहतो आणि त्याऐवजी वायर भाजते. मोठा फ्यूज घालून देणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी. मदत करतोय असं त्यांना मनापासून वाटत असतं, म्हणून तर जास्तच.

काम आणि खर्च

क्लचच्या वायरचा दीड फूट तुकडा कापून त्याच जाडीची नवी ऑटो वायर घातली. ऑइल प्रेशरच्या वायरचाही तेवढाच तुकडा बदलला. जोड सोल्डरचे केले नाहीत, क्रिंप करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घातली. इंजिनजवळ सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी त्याच्या कडेला तार तुटते. यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत आणि दुसऱ्या तटातले माझे चांगले मित्र आहेत.

नवी नळी, दोन नव्या क्लिपा. ब्रॅकेटची धारदार कड कानशीने मारून गोल केली. माउंटिंग नवीन. काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमुळे रिलेही बदलला. पहिल्या गॅरेजने बदललेलाच होता, पण त्यानंतर त्याने बरेच शॉर्ट सोसले होते. एकूण बिल चार हजारांच्या आत, त्यातला मोठा भाग माउंटिंगचा.

खात्रीसाठी घाटात पुन्हा गेलो, या वेळी कंप्रेसर जोडून आणि मुद्दाम १० ऐवजी साडेसातचा तपकिरी फ्यूज घालून. क्लचला पावणेचार ॲम्पिअर पुरतात, तेव्हा साडेसात चालतोच, आणि कुठे काही उरलं असेल तर तो लाल फ्यूजच्या आधी जाईल. गुरुजीच चालवत होते. पाचगणीला टेबललँडच्या फाट्यापर्यंत गार हवा आली. तिथे तपकिरी काढून लाल बसवला. कंपनीने १० चा दिलाय, तर गाडी १० वरच परत द्यायची.

ऑगस्टमध्ये गुरुजी ऑइल बदलायच्या निमित्ताने आले तेव्हा मी कव्हर खोलून बघितलं. नळीवर घासल्याची खूण नव्हती, ब्रॅकेटपासून चांगलं अंतर होतं. डबी माझ्या टेबलावरच राहिली आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्यासमोर उलटी करतो आणि विचारतो, हे कशाने उडाले असतील. गुरुजींनी त्या दिवशी वहीची नवी पानं उघडून दाखवली. पाचगणीच्या अकरा फेऱ्या, प्रत्येकीपुढे एकच शब्द, “गार”. शेवटच्या ओळीत मात्र त्यांनी मागच्या वायपरची तक्रार लिहून आणली होती: फक्त रिव्हर्समध्ये आपोआप चालू होतो, असं का?

ते काही गाड्यांत मुद्दामच तसं दिलेलं असतं, हे समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली.